केटी झाली, पण कळलं का?

माझा धाकटा भाऊ सॉफ्टवेअरमधून निवृत्त झालाय आणि माझी मुलगी सॉफ्टवेअरमध्येच आहे. भावाची उमेदीची वर्षं मुंबईत सीप्झमध्ये मेनफ्रेमवर कोबोल लिहिण्यात गेली. मुलगी हिंजवडीत बसून एका अमेरिकन विमा कंपनीचं काम करते आणि तिची टीम ‘ॲजाइल’ आहे, म्हणजे जाड कागदपत्रांपेक्षा बोलण्यावर भर देणारी. धंदा एकच, पण कामाचा विषय निघाला की दोघांचं पटत नाही. भांडणाचं मूळ नेहमी एकच असतं, टीम शिकते ती बोलून की लिहून? मी या धंद्यातली नाही, पण दोघांचं ऐकून ऐकून माझीही काही मतं झाली आहेत. ती कंसात घातली आहेत.

मामा : तुमचं ते सकाळचं स्टँडअप म्हणजे नक्की काय असतं, एकदा सांग.

भाची : सकाळचं नाही रे, संध्याकाळी साडेसहाचं. तेव्हा ओहायोत सकाळचे नऊ वाजलेले असतात. हिवाळ्यात त्यांनी घड्याळं मागे घेतली की आमचं साडेसातला. पंधरा मिनिटांत संपवायचं असतं, चाळीस होतात.

मामा : आणि त्यात प्रत्येकाने सांगायचं, काल काय केलं, आज काय करणार, काय अडलंय. बरोबर? आमच्याकडे याला वीकली स्टेटस रिपोर्ट म्हणायचे. शुक्रवारी चारच्या आत साहेबांच्या टेबलावर. तुम्ही तोच रिपोर्ट रोज तोंडी देता, एवढाच फरक.

भाची : यावर मी भांडणार नाही. ‘स्क्रम गाइड’ म्हणून जी मूळ पुस्तिका आहे ना, तिच्यातून ते तीन प्रश्न २०२० मध्ये काढूनही टाकले. आमच्याकडे अजून विचारतात, कारण मॅनेजरला ‘जिरा’ या कामाची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली तिकिटं पुढे सरकलेली बघायची असतात. पण आमचं स्टँडअप बघून तू सगळ्यालाच नावं ठेवू नकोस.

मामा : मग कुठलं बघू?

भाची : क्रायस्लरचं बघ. पगाराची नवी सिस्टीम रखडली होती, म्हणून १९९६ मध्ये त्यांनी केंट बेकला बोलावलं. त्याने पहिला कोड टाकून देऊन नव्याने सुरुवात करायला लावली. सगळे एका खोलीत. एका मशीनवर दोघं, आणि जोड्या सारख्या बदलायच्या, म्हणजे कोडचा कुठलाच कोपरा एकट्याचा राहत नाही. पगाराचे नियम ज्या व्यक्तीला ठाऊक, तीही तिथेच बसलेली. अडलं की मान वळवून विचारायचं. टेस्ट आधी लिहायची, म्हणजे तुझ्या-माझ्या समजुतीत फरक असेल तर तो त्याच दिवशी उघडा पडतो. १९९७ मध्ये दहा हजारांच्या आसपास लोकांचे पगार त्यातून निघायला लागले. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग ही पद्धत तिथे घडली.

मामा : आणि २००० मध्ये तेच प्रोजेक्ट बंद केलं, हे तुमच्या ट्रेनिंगमध्ये सांगतात का? ती नियम सांगणारी व्यक्ती, तुमच्या भाषेत ‘कस्टमर’, कामाच्या ताणाला कंटाळून सोडून गेली. तिच्या जागी तसं कोणी मिळालं नाही. सगळं ज्ञान एका खुर्चीत बसवलंत, खुर्ची रिकामी झाली. मान वळवून कोणाला विचारणार?

भाची : तेवढ्याच कारणाने नाही बंद पडलं.

मामा : नसेल. पण हे कारण तुला पुसता येत नाही. आता मी सांगतो ते ऐक. नासाच्या स्पेस शटलमधलं सॉफ्टवेअर ह्यूस्टनमध्ये एक गट लिहायचा. आधी आयबीएमचा होता, पुढे कंपनी बदलली, माणसं तीच. १९९६ मध्ये त्यांच्याबद्दल एका अमेरिकन मासिकात मोठा लेख आला होता, मी तो झेरॉक्स काढून ऑफिसात वाटला होता. चार लाख वीस हजार ओळींचा प्रोग्रॅम, आणि शेवटच्या अकरा आवृत्त्यांत मिळून सतरा चुका. अकरांत मिळून! त्याची स्पेसिफिकेशनं तीस खंड, चाळीस हजार पानं. शटलमध्ये जीपीएस बसवायचं ठरलं तेव्हा कोड बदलणार होता सहा हजारांच्या वर ओळींत, आणि त्या एका बदलाचं स्पेसिफिकेशन अडीच हजार पानांचं. लोक पाचला घरी जायचे. तू कधी गेलीस?

भाची : माझ्या क्लायंटला सांग, एक यान, एकच गिऱ्हाईक आणि दोनशे साठ माणसं देतो, मग तोही अडीच हजार पानांचे पैसे देईल! ते सोड. तुला त्या लेखातली पानं लक्षात राहिली, मला दुसरंच काही राहिलं. एखादी चूक सापडली की ते ती नुसती दुरुस्त करत नव्हते. ती इतके दिवस कोणाच्या नजरेतून कशी सुटली, तपासणीत कुठे भोक आहे, तशीच चूक आणखी कुठे बसलेली असेल, हे शोधायचे. प्रत्येक चुकीची नोंद. आणि दोष माणसाच्या नावावर नाही, कामाच्या पद्धतीवर. मामा, आमच्या रेट्रोची, म्हणजे झालेल्या कामाच्या आढावा बैठकीची कल्पना याहून वेगळी कुठे आहे?

मामा : कल्पना. प्रत्यक्षात तुम्ही रंगीत चिठ्ठ्या चिकटवता. काय छान झालं, काय सुधारता येईल. पुढच्या वेळी पुन्हा त्याच चिठ्ठ्या. ह्यूस्टनवाल्यांच्या नोंदी वर्षानुवर्षं राहत होत्या. तुमच्या चिठ्ठ्या कुठे जातात?

(यावर मुलगी गप्प बसली. तिच्या लॅपटॉपवर मी ते पान पाहिलंय. ‘टेस्ट डेटा वेळेवर मिळत नाही’ ही चिठ्ठी त्यावर इतक्या वेळा आली आहे की आता ती कोणी नवी लिहीत नाही, मागचीच उचलून आणतात.)

भाची : बरं, तुमच्याकडे नोंदी राहायच्या म्हणतोस. डिफेक्ट रजिस्टर होतं ना?

मामा : होतं. लाल बांधणीचं. प्रोग्रॅमचं नाव, चूक, सापडली कधी, कोणाची, दुरुस्त कधी.

भाची : ‘कोणाची’ हा रकाना होता?

मामा : असणारच.

भाची : आणि अपरेझलला साहेब ते रजिस्टर काढायचे?

मामा : काढायचे. म्हणून मग आम्ही टेस्टरशी दोस्ती ठेवायचो. तो टेबलाशी येऊन हळूच सांगायचा, जेवायच्या सुट्टीत दुरुस्त करून टाकायचं. रजिस्टरमध्ये चढायच्या आत.

भाची : झालं की मग! अमेरिकेत एमी एडमंडसन नावाच्या संशोधक आहेत. हॉस्पिटलांमधल्या टीममध्ये औषधं देताना किती चुका होतात हे त्या तपासत होत्या. अपेक्षा अशी की चांगल्या टीममध्ये कमी असतील. आकडे आले उलटे, चांगल्या टीममध्ये जास्त. मग लक्षात आलं की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, बोलून दाखवल्या जात होत्या. १९९६ चा पेपर आहे तो. तुझं लाल रजिस्टर स्वच्छ असेल, पण त्यातून कोण काय शिकलं?

मामा : म्हणजे रकाना काढायला हवा होता. रजिस्टर नव्हे.

(हे मला पटलं. दोघंही ज्या जागांचे दाखले देत होती, तिथे चूक सांगणाऱ्याला धक्का लागत नव्हता. क्रायस्लरच्या खोलीत बोलून, ह्यूस्टनला लिहून. बाकीचा फरक मला त्यापुढे लहान वाटतो. पण भांडणाऱ्या माणसांना असलं सांगून उपयोग नसतो.)

भाची : लिहिण्याबद्दल माझी मूळ तक्रार वेगळीच आहे. काही गोष्टी लिहिताच येत नाहीत. ‘स्क्रम’ हा शब्द ज्या लेखातून उचलला, १९८६ चा ताकेउची आणि नोनाकांचा, त्यातल्या नोनाकांनी पुढे मात्सुशिताच्या ब्रेड मशीनची गोष्ट लिहिली आहे. मशीनमधला ब्रेड बाहेरून करपायचा आणि आत कच्चा राहायचा. त्यांनी मशीनने मळलेल्या आणि बेकरने मळलेल्या कणकेचे एक्स-रे काढून पाहिले. काही कळेना. शेवटी इकुको तनाका, सॉफ्टवेअर करणारी बाई बरं का, ओसाकातल्या एका हॉटेलात मुख्य बेकरच्या हाताखाली शिकायला गेली. तिथे तिच्या लक्षात आलं की तो कणीक ओढताना पिळतो. त्याला विचारलं असतं तर त्याने सांगितलं नसतं, कारण आपण पिळतो हे त्यालाही माहीत नसणार.

मामा : आणि परत येऊन तिने काय केलं?

भाची : इंजिनिअरांबरोबर महिनोन्महिने खटपट केली.

मामा : आणि मशीनच्या भांड्याला आतून कंगोरे बसवले. बरोबर? म्हणजे बेकरच्या हातातलं ज्ञान शेवटी धातूत उतरलं. कोणत्याही गिऱ्हाइकाला ओसाकाला जावं लागलं नाही. तू गोष्ट अर्ध्यात थांबवतेस. शिकायला बेकरजवळ बसावं लागतं, मान्य, हजार वेळा मान्य. पण उठल्यावर काहीतरी मागे ठेवावं लागतं.

भाची : आमचा कोड आहे ना मागे.

मामा : कोड काय केलं ते सांगतो. का केलं ते सांगत नाही. तुझ्या त्या चार ओळींची गोष्ट सांग तुझ्या आईला.

(ती गोष्ट मला तीन जणांकडून तीन प्रकारे कळली आहे. तात्पर्य असं: पॉलिसी रद्द करण्याआधी ग्राहकाला नोटीस जाते. कोडमध्ये चार ओळी होत्या, ज्या एका राज्यापुरती नोटिशीची तारीख एक दिवस अलीकडे आणायच्या. वर शेरा होता, ‘ॲज पर डिस्कशन’. बस. कोणाचं डिस्कशन, कधी, कशाबद्दल, काही नाही. टीममधल्या एका नव्या मुलाने साफसफाईत त्या ओळी काढल्या. रिव्ह्यू करणाऱ्यालाही त्या जुन्या कचऱ्यासारख्याच वाटल्या. पुढे त्या राज्यातून तक्रारी आल्या.)

भाची : पण कारण सापडलं कसं ते ऐक ना. सगळी कागदपत्रं धुंडाळली, टीमच्या नोंदी ठेवायच्या ‘कॉन्फ्लुएन्स’वर शोधलं, शून्य. मग रात्रीच्या कॉलवर क्लायंटकडच्या एक जुन्या बाई सहज बोलून गेल्या, अहो, तिथे दिवस पत्र टपालात पडल्यापासून मोजतात, छापल्यापासून नाही. एका वाक्यात उलगडा. बोलण्यातूनच झाला.

मामा : त्या बाई निवृत्त झाल्या असत्या तर?

भाची : दोन महिन्यांनी होणारच आहेत.

मामा : हे तू मला दिलासा म्हणून सांगते आहेस का?

भाची : नाही. आता तो नियम टेस्टच्या नावात आहे. ‘नोटिशीचे दिवस टपालाच्या तारखेपासून मोजावेत’ असं वाक्यच्या वाक्य. कोणी ओळी काढल्या तर टेस्ट लाल होते आणि का काढू नयेत हे समोर येतं. वर्ड डॉक्युमेंट लाल होत नाही, मामा. ते जुनं झालं तरी तितक्याच आत्मविश्वासाने तिथे पडून राहतं.

मामा : हे आवडलं मला. पण याला मी लिहिणंच म्हणतो. आणि माझं सोड, तुमच्याच मार्टिन फाउलरने काय म्हटलंय? २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या स्नोबर्डला जे सतरा जण जमले आणि ॲजाइलचा जाहीरनामा लिहिला, त्यांतला तो एक. समोरासमोर बोलण्याइतकं परिणामकारक काही नाही, असं त्या जाहीरनाम्याच्या तत्त्वांत आहे. त्याच सुमारास त्याच्या कंपनीने बंगळूरला काम सुरू केलं आणि तो अनुभव त्याने लिहिला. त्यात सरळ म्हटलंय की टीम दोन देशांत वाटली गेली तर जास्त कागदपत्रं लागतील अशी तयारी ठेवा. इकडची माणसं तिकडे, तिकडची इकडे पाठवत राहा. म्हणजे बघ, खोली एक असेल तर बोला. तुमची खोली कुठे एक आहे? अर्धी हिंजवडीत, अर्धी ओहायोत, मध्ये साडेनऊ तास.

भाची : आणि निम्मी टीम घरून.

मामा : मग! तुम्हाला खोली मिळालीच नाही, खोलीतले रिवाज तेवढे मिळाले.

(भावाचं हे म्हणणं मला सर्वांत वजनदार वाटतं, आणि ते फक्त अंतरापुरतं नाही. मुलीच्या टीममध्ये लातूरकडचा एक मुलगा आहे. मराठी माध्यम, डिप्लोमा, मग इंजिनिअरिंग. कामाला पक्का. पण साडेसहाच्या कॉलवर त्याची पाळी आली की ‘नो ब्लॉकर्स फ्रॉम माय साइड’ एवढं एकच वाक्य. अडून बसलेला असला तरी तेच, कारण अडचण सांगायची तर इंग्रजीत चार वाक्यं लागतात आणि त्यावर उलटा प्रश्न येतो. बोलण्यावर चालणाऱ्या टीममध्ये ज्याची जीभ सैल त्याला हुशार समजलं जातं, हे मुलीच्या कंपनीत सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणत्याही स्लाइडवर नाही.)

मामा : त्या पोराला लिहायला दिलं असतं तर त्याने शांतपणे, डिक्शनरी बघून, नीट मांडलं असतं. कागद कोणाचा उच्चार ऐकत नाही.

भाची : दिलं होतं. त्याने लिहिलं ते तिकडे कोणी उघडलंही नाही. त्याचं काय झालं माहितेय? मी रोज अर्धा तास त्याच्याबरोबर पेअरिंग सुरू केलं. स्क्रीन त्याची, टायपिंग त्याचं, बोलणं मराठीत. पहिल्या आठवड्यात ‘हो मॅम, हो मॅम’. मग एकदा मी मुद्दाम म्हटलं की हे टेबल असं का जोडलंय मला कळत नाहीये. आणि खरंच कळत नव्हतं. तो म्हणाला, मॅम, मला पण पहिल्या दिवसापासून कळलं नाहीये. त्यानंतर जो सुटला! आम्ही दोघांनी मिळून त्यात तीन घोळ काढले. हे कागदावर झालं असतं? ‘मला कळलेलं नाही’ हे माणूस लिहून देत नाही.

मामा : नाही देत. खरंय. पण तो अर्धा तास तुझ्या टाइमशीटमध्ये कुठल्या कोडखाली भरतेस?

भाची : तो प्रश्न विचारू नकोस.

(इथे चहा झाला. चहानंतर गाडी केटीवर आली. बाहेरच्यांसाठी सांगते, माणूस राजीनामा देतो, नोटिस पिरियड सुरू होतो आणि त्यात त्याने आपलं काम मागच्याला समजावून द्यायचं असतं, ते केटी, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. त्याचे दोन-दोन तासांचे व्हिडिओ करून ठेवतात. ते कोणी पाहिल्याचं मुलीला ठाऊक नाही.)

मामा : आमच्या वेळी एक पद्धत होती, जाणारा समजावणार नाही, येणारा समजावणार. जाणाऱ्याने नुसतं ऐकायचं आणि चुकलं तिथे टोकायचं.

भाची : रिव्हर्स केटी. आहे आमच्याकडेही. चेकलिस्टवर तिला टिक करतात, पण प्रत्यक्षात बहुधा करतच नाहीत. पण तू म्हणतोस ना लिहून ठेवा, लिहून ठेवा, तर पीटर नाउर वाच.

मामा : प्रोग्रॅमिंगच्या भाषांचं व्याकरण मांडायच्या बीएनएफमधला नाउर?

भाची : तोच, डॅनिश. १९८५ चा त्याचा निबंध आहे. त्याने एका कम्पायलरचं उदाहरण दिलंय. एका गटाने तो बनवला, दुसऱ्या गटाला तो दुसऱ्या मशीनसाठी वाढवायचा होता. त्यांना सगळा कोड दिला, भरपूर कागदपत्रं दिली, वर पहिल्या गटाचा सल्लाही. तरी त्यांनी जे उपाय सुचवले, त्यांनी मूळ रचनेला ठिगळं लागत होती. पहिल्या गटाने बघताक्षणी सांगितलं की हे त्याच रचनेत सोपं बसतं. पुढे सल्ला देणारे नाहीसे झाले आणि काही वर्षांनी ती रचना दिसत होती, पण वेड्यावाकड्या भरींनी पार निकामी झालेली. नाउर म्हणतो, खरा प्रोग्रॅम म्हणजे तो लिहिणाऱ्यांच्या डोक्यात असलेली समज. कोड आणि कागद हा तिचा फक्त काही भाग.

मामा : थांब, थांब. म्हणजे टीम फुटली की प्रोग्रॅम मेला?

भाची : अगदी असंच म्हणतो तो. नुसत्या कागदांवरून मेलेला प्रोग्रॅम उठवण्याच्या फंदात पडू नका, नव्या टीमला तो प्रश्न नव्याने सोडवू द्या, ते महाग पडणार नाही, कदाचित स्वस्तच पडेल.

मामा : सीप्झमध्ये आम्ही बारा वर्षं ज्या प्रोग्रॅमची देखभाल केली, त्याचा मूळ लेखक आमच्यापैकी कोणी पाहिलेला नव्हता. चालत होता तो.

भाची : त्यात काही नवं घातलंत कधी?

मामा : (जरा थांबून) हात लावायची हिंमत नव्हती. बाजूने वेगळा प्रोग्रॅम लिहायचो आणि रात्री दोन्हींचे आकडे जुळवायचो.

भाची : बघ.

मामा : बघ काय? तुझ्या टीममधून या वर्षी किती गेले?

भाची : निम्मे.

मामा : म्हणजे तुझ्या नाउरच्या हिशेबाने तुमचा प्रोग्रॅम निम्मा मेलाय. मग सांग ना क्लायंटला. मागचं टाकून द्या, आमची नवी माणसं पहिल्यापासून लिहितील, स्वस्त पडेल.

भाची : वेडा आहेस का? तो म्हणेल, मग गेली तीन वर्षं बिल कशाचं लावत होतात?